तिसऱ्या ओळीतलं सातवं खोकं

माझं सध्याचं पोस्टिंग आंग मो किओ, सिंगापूर. अकरावा मजला, लिफ्टसमोरचा फ्लॅट. मुलगा निलेश वन-नॉर्थला एका कंपनीत इंजिनिअर आहे, त्याच्या नोकरीच्या व्हिसावर, ज्याला इथे पास म्हणतात, मी इथे राहतो. हुकूम सुनेचा चालतो आणि तो मी पाळतो. पहाटे पाचला उठतो. साडेपाच ते साडेसहा इमारतींच्या खालून चालतो. सातला चहा. नंतर संध्याकाळपर्यंत मला कुणी काही काम सांगत नाही. नात म्हणते, "आजोबा, रिलॅक्स लाह." एकोणतीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला यापेक्षा वाईट शिक्षा नाही.

मी आर्मरर होतो. पलटणीतली प्रत्येक रायफल चालती ठेवणं हे आर्मररचं काम. बंदूक माझ्या हाताखालून गेली की जवान निर्धास्त असायचा. मी सुभेदार होऊन निवृत्त झालो. कागदावर एकही लाल शेरा नाही. तो का नाही, हे आता सांगतो.

गेल्या गणपतीत इथल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमात निलेशने मला स्टेजवर बसवलं आणि माझ्या पलटणीचं नाव माईकवर सांगितलं. आरती झाल्यावर तिशीतली एक बाई समोर आली, वाकून नमस्कार केला.

"काका, मी वैशाली. लान्स नाईक संपत साळुंखेंची मुलगी."

मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि फॅमिली क्वार्टर्सच्या नळावर भांडत होती. आता ती इथे अकाउंटंट आहे, पीआर म्हणजे इथली कायमची रहिवासी आहे. मी बरं, छान, असं काहीतरी म्हटलं. निलेशला म्हणालो, मला बरं वाटत नाही, घरी चल.

पंधरा दिवसांनी तिने लिटिल इंडियात बोलावलं. सेरांगून रोडवरच्या एका मिठाईच्या दुकानात वर बसायला जागा आहे, तिथे. रविवार, सकाळचे अकरा. खाली किराण्याची गर्दी. तिने पिशवीतून एक फाईल काढली.

पलटणीत क्वार्टर गार्डच्या पहारा-चौकीशेजारी एक काळा दगड आहे. ड्युटीवर प्राण गेलेल्या जवानांची नावं त्यावर कोरलेली आहेत. पलटणीच्या वाढदिवसाला त्यांच्या बायकांना बोलावतात, खुर्चीवर बसवतात, साडी-नारळ देतात. त्या दगडावर संपतचं नाव नाही. वैशालीने तीन वेळा अर्ज केला होता. तिन्ही वेळा उत्तर एकच. कोर्ट ऑफ इन्क्वायरीच्या निष्कर्षानुसार मृत्यू स्वतःच्या हलगर्जीपणामुळे झाला, सबब नाव घेता येत नाही.

"आई आता पंचावन्नची झाली," ती म्हणाली. "गावात अजून लोक म्हणतात, साळुंख्यांचा संपत गोळ्यांशी खेळताना मेला. तिने एकदा तरी त्या खुर्चीवर बसावं एवढंच मला हवंय. तुम्ही तेव्हा तिथले आर्मरर होतात. बाकी कुणी उरलेलं नाही. बाबांची चूक नव्हती असं तुम्हाला वाटत असेल तर चार ओळी लिहून द्याल?"

"बघतो," मी म्हणालो.

तिने माझ्यासाठी पेढे बांधून घेतले. ते मी येताना एमआरटीत, इथल्या मेट्रोत, शेजारच्या बाकावर ठेवून उतरलो.

पुढचे तीन आठवडे मी बघतच होतो. फोन आला की उचलायचा नाही. निलेशला वाटलं, बाप कंटाळलाय. त्याच्या ऑफिसात केल्विन नावाचा एक चिनी सिंगापुरी आहे, पन्नाशीचा, कुठल्याशा शूटिंग क्लबचा मेंबर. त्या क्लबकडे जुन्या लष्करी रायफली आहेत, थ्री-नॉट-थ्रीसुद्धा. निलेशने परवानगी वगैरे काढून शनिवारी मला पाहुणा म्हणून तिकडे नेलं. पोराचा हेतू चांगला होता.

या देशात बंदुकीचे कायदे इतके कडक आहेत की रिकामं काडतूसही खिशात घालून फाटकाबाहेर पडता येत नाही. सगळं तिथेच ठेवायचं, तिथेच वापरायचं. पण क्लबच्या आवारात एक कुलूपबंद खोली होती आणि आत केल्विन राऊंड भरत बसला होता. जुन्या रायफलींचे नवे राऊंड सहज मिळत नाहीत, म्हणून उडवलेल्या राऊंडचं पितळी कवच साफ करून, तळाला ठिणगी देणारी नवी टोपी, नवी दारू आणि नवी बुलेट बसवून पुन्हा वापरतात. त्या कवचाला फौजेत खोका म्हणतात. आम्ही मराठी पोरं खोकं म्हणायचो.

केल्विनसमोर लाकडी ठोकळा होता. त्यात भोकं, भोकांत खोकी उभी. तो एकेका खोक्यात मापाने दारू टाकत होता. तेवढ्यात दार उघडून एक वयस्कर गृहस्थ आत आले. निलेश कानात म्हणाला, हे क्लबचे चेअरमन. मी उठून उभा राहिलो. केल्विनने मान वर केली नाही. डावा हात तेवढा उचलला.

"वेट आह. लेट मी फिनिश धिस रो फर्स्ट."

चेअरमन दारातच थांबले. ओळ पूर्ण झाली, केल्विनने माप खाली ठेवलं, टॉर्चने प्रत्येक खोक्यात पाहिलं, मग वळून म्हणाला, "येस सर?"

एवढंच. मिनिटभराचा प्रकार. मी बाहेर आलो आणि रायफलला हातही न लावता निलेशला म्हणालो, घरी चल. तो चिडला. चिडणारच. मी त्याला काय सांगणार होतो?

आता मूळ गोष्ट.

सव्वीस वर्षांपूर्वीची. पलटण शांततेच्या ठिकाणी होती. मी हवालदार, वय चाळीस. रोजचा दिवस ठरलेला. सहाला पीटी, आठला कोत उघडायचं. कोत म्हणजे हत्यारांची खोली. दुपारी एकला बंद. संध्याकाळी गिनती. कंटाळवाणं काम आणि मला आवडायचं.

आमच्या मेजर साहेबांना जुन्या हत्यारांचा नाद होता. ब्रिगेडमध्ये दर वर्षी जुन्या थ्री-नॉट-थ्रीची एक मॅच व्हायची, हौसेची, कप मिळायचा. आमच्या पलटणीकडून नेम धरायचा तो लान्स नाईक संपत साळुंखे. माण तालुक्यातला, शिडशिडीत, कमी बोलणारा. उन्हाळ्यात जमीन तापली की त्याला झोपून नेम धरायला आवडायचं, म्हणायचा, कोपर शेकतं. त्याच्यासारखा नेमबाज मी नोकरीत दुसरा पाहिला नाही.

मॅच लाईन्समधल्या, म्हणजे बराकींजवळच्या, छोट्या रेंजवर व्हायची. मागे मातीची भिंत. पूर्ण ताकदीचा राऊंड त्या भिंतीला पेलणारा नव्हता, आणि तसे राऊंड मिळतही नव्हते. मेजर साहेबांनी कुठूनशी दारू पैदा केली आणि मला हुकूम दिला, हलके राऊंड भर. याला कसलीही लेखी परवानगी नव्हती. मला ते माहीत होतं. साहेबांनाही माहीत होतं. आम्ही दोन सीझन भरले. संपत खोकी पुसायला बसायचा, दारूला हात मी त्याला कधी लावू दिला नाही.

हलक्या राऊंडमध्ये एक धोका असतो. नेहमीची दारू खोकं जवळजवळ भरून टाकते, चुकून दोनदा टाकली तर बाहेर सांडते, लगेच दिसतं. हलक्या राऊंडची दारू तळाशी एवढीशी असते. दोनदा पडली तरी वरून खोकं अर्धं रिकामंच दिसतं. आणि जळते ती झटकन. दुप्पट मापाला जुनी रायफल टिकत नाही. म्हणून नियम दोन. सुरू केलेली ओळ मध्ये सोडायची नाही. आणि बुलेट बसवण्याआधी टॉर्च लावून प्रत्येक खोक्यात पाहायचं. हे नियम मीच केले होते, खडूने भिंतीवर लिहिले होते.

मॅचची सकाळ. सव्वाआठ वाजले होते. ठोकळ्यात पन्नास खोकी, दहाच्या पाच ओळी. तिसऱ्या ओळीत सातव्या खोक्यात मी दारू टाकली आणि दार उघडलं. मेजर साहेब.

साहेब आत आले की उभं राहायचं. हातात काय आहे हे बघायचं नसतं. हे आमच्या अंगात इतकं मुरलेलं असतं की आपण उठतो आहोत हे कळतसुद्धा नाही. मी उठलो, सावधान. संपत उठला, सावधान. माझ्या हातात माप होतं, रिकामं.

"उस्ताद, कितना टाइम?"

"साहब, आधा घंटा."

"आधा घंटा नहीं है. ब्रिगेडियर साहब नौ बजे बैठ जाएंगे. जीप बाहर खड़ी है."

मग ते कपाबद्दल बोलले, मागच्या वर्षी कोण जिंकलं, या वर्षी काय दिसायला हवं. चार मिनिटं असतील, पाच असतील. आम्ही दोघं उभेच. ते गेले. मी बसलो, माप भरलं आणि सातव्या खोक्यावर धरलं.

समोरून संपत म्हणाला, "उस्ताद, सातवं झालंय ना?"

मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. "मोजायला मला येतं. तू जीपमध्ये जाऊन बस."

त्याने पुन्हा विचारलं नाही. लान्स नाईक हवालदाराला दुसऱ्यांदा विचारत नाही. तो जीपमध्ये जाऊन बसला. मी सातव्यात माप ओतलं आणि उरलेल्या ओळी भरल्या. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला. टॉर्च हाताशी होती. मी ती उचलली नाही. बुलेट बसवली, राऊंड डब्यात घातले आणि निघालो.

नऊ चाळीसला संपत फायरिंग पॉइंटवर झोपला. पहिले तीन राऊंड टार्गेटच्या काळ्यात, मधोमध. ब्रिगेडियर साहेबांनी मान डोलावली. चौथ्या राऊंडचा आवाज वेगळा आला. बंदुकीचा नव्हताच तो. लोखंड फुटल्याचा होता. रायफलचा बोल्ट, नळी मागून बंद करणारा दांडा, मागे सुटून आला होता. मी सगळ्यात आधी पोहोचलो. त्याचा चेहरा मी इथे लिहिणार नाही.

रेडिओवर आमचा सिग्नलवाला बोलत होता.

"कंट्रोल, रेंज. कॅज्युअल्टी वन. ॲम्ब्युलन्स भेजो. ओव्हर."

"रेंज, कंट्रोल. कॅज्युअल्टी कैसा है? ओव्हर."

"सीरियस. जल्दी भेजो. आऊट."

ॲम्ब्युलन्स नऊ बावन्नला आली. एमआय रूम, म्हणजे पलटणीचा दवाखाना, तिथून सहाशे मीटरवर होता. संपत तिथपर्यंत पोहोचला नाही.

त्या दुपारी कोत आतून बंद करून मी उरलेला प्रत्येक राऊंड उघडला आणि दारू तोलली. सगळे बरोबर होते. एकच चुकला होता आणि तो संपतच्या वाट्याला आला. माप माझ्या हातात रिकामं होतं, हे तेव्हा आठवलं. तोवर आठवलं नव्हतं असं मी आजवर स्वतःला सांगत आलोय. ते खरं की खोटं, मला आता ठरवता येत नाही.

संध्याकाळी मेजर साहेबांनी बोलावलं.

"राऊंड किसने भरे?"

"मैंने, साहब."

"नहीं. साळुंखे ने भरे. अपने शौक के लिए, बिना परमिशन. तेरे को मालूम नहीं था." मग आवाज खाली आणून म्हणाले, "वो तो गया. तेरे बच्चे कितने बड़े हैं?"

निलेश तेव्हा बारा वर्षांचा होता. मी हे सबब म्हणून सांगत नाही. संपतची वैशाली सहाची होती, तिचा भाऊ तीनचा, हेही मला त्याच वेळी माहीत होतं.

तीन दिवसांनी कोर्ट ऑफ इन्क्वायरीसमोर मी स्टेटमेंटवर सही केली. एक पान. भिंतीवरचे खडूचे नियम आदल्या रात्री मीच पुसले. मेजर साहेब पुढे बरेच वर गेले, तीन वर्षांपूर्वी वारले. पेपरात फोटो आला होता. मला नायब सुभेदारी मिळाली, मग सुभेदारी. संपतच्या वस्तूंची ट्रंक त्याच्या बायकोच्या ताब्यात द्यायला मलाच पाठवलं होतं. सुमन वहिनींनी मला पाणी दिलं. विचारलं, "भाऊजी, ह्यांनी असं का केलं?" मी पाणी पिऊन उठलो.

नीचपणाला आणखी दुसरं नाव असेल तर मला माहीत नाही.

केल्विनच्या खोलीतून परत आल्यावर त्या रात्री जेवताना मी निलेशला सगळं सांगितलं. सून नातीला घेऊन आत गेली. निलेश बराच वेळ ताटातला भात चिवडत राहिला.

"बाबा, आधी वकिलाला विचारू. पेन्शन थांबवली तर? खोटं स्टेटमेंट म्हणजे क्राइम आहे."

"आहेच."

"मग इतक्या वर्षांनी कशाला? मोघम लिहून द्या ना. साळुंखे चांगले जवान होते, असं काहीतरी."

"मोघमच लिहिलं होतं मागच्या वेळी," मी म्हणालो.

तो उठून गेला. त्याला मी दोष देत नाही. ज्याच्यासाठी सही केली असं मी सव्वीस वर्षं म्हणत आलो, तोच मला आता सही करू नका म्हणत होता.

रविवारी सकाळी मी वैशालीला आमच्या ब्लॉकखालच्या कॉफी शॉपमध्ये बोलावलं. आदल्या दिवशी दोन पानं लिहून ठेवली होती. वेळ, जागा, किती खोकी, कोण कुठे उभं होतं. तिच्यापुढे कागद ठेवले आणि म्हणालो, वाच.

ती अकाउंटंट आहे. कागद वाचायची तिची पद्धत मी पाहत होतो. प्रत्येक ओळीवर बोट. दुसऱ्या पानावर बोट थांबलं.

"बाबांनी विचारलं होतं?"

"हो."

"सातवं झालंय ना, असं?"

"असंच."

"आणि तुम्ही त्यांना गप्प केलंत."

"हो."

शेजारच्या टेबलावर दोन म्हातारे वर्तमानपत्र वाटून वाचत होते. वैशालीने कागदांची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. ती ओरडेल म्हणून मी तयारीने बसलो होतो. ओरडली असती तर सोपं गेलं असतं.

"गणपतीत मी तुमच्या पाया पडले," ती म्हणाली.

तिने कागदांची घडी स्वतःकडे ओढली.

"शाळेत एनसीसीत जायचं होतं मला. आईने फॉर्म फाडला. म्हणाली, तुझ्या बापासारखे हात असतील तुझे, चुकीचे." तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "मी आकडे तीन तीन वेळा तपासते, काका. ऑफिसात हसतात मला."

"सही केलीय. नोटरीकडे उद्या जाऊ, परवा जाऊ, तू म्हणशील तेव्हा. पलटणीला एक प्रत, रेकॉर्ड ऑफिसला एक. मला पुढे काय व्हायचं ते होऊ दे."

"ते मी करेनच." तिने फोन काढला. "पण आईला मी नाही सांगणार. तुम्ही सांगा. आत्ता."

भारतात सकाळचे आठ वाजले असतील. वैशालीने फोन लावून माझ्यासमोर टेबलावर ठेवला, स्पीकरवर. "आई, इथे कुणी बोलतंय तुझ्याशी," एवढंच म्हणाली.

"वहिनी, मी माने. आर्मरर."

"भाऊजी? किती वर्षांनी. बरे आहात?"

मग मी सांगितलं. कागदावर होतं तसंच, त्याच क्रमाने. साहेब आले, मी उठलो, संपतने विचारलं, मी त्याला हाकललं, टॉर्च उचलली नाही, खोटी सही केली. माफ करा असं म्हणालो नाही. तो शब्द त्यांच्यापुढे उच्चारायची माझी लायकी नव्हती.

पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. वैशाली म्हणाली, "आई?"

"ऐकतेय."

मग सुमन वहिनी बोलल्या. माझ्याशी नाही, मुलीशी.

"वैशू, तुला आठवतं, तू विचारायचीस, सगळ्यांच्या घरी फोटो असतो, आपल्याकडे बाबांचा का नाही? मी लावला नाही गं. हौसेपायी पोरं उघड्यावर टाकून गेलेल्या माणसाला कसला हार, असं म्हणायचे मी. श्राद्धाला तुझा काका बसायचा, मी मागच्या दाराने शेतात निघून जायचे. सव्वीस वर्षं भांडले मी त्यांच्याशी."

"आई, रडू नकोस."

"रडत नाही. आता त्यांच्यापुढे कोणत्या तोंडाने उभी राहू, ते सांग."

वैशालीने फोन उचलला, स्पीकर बंद केला नाही. "फोटो आहे ना अजून?"

"ट्रंकेत आहे. भाऊजींनीच आणून दिलेल्या."

"काढ."

ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला. कपडे बाजूला केल्याचा. मी उठून जायला हवं होतं, पण वैशालीने मला जा म्हटलं नव्हतं. तिने फोन कानाशी धरला नव्हता, आम्ही दोघं टेबलावर वाकून ऐकत होतो. पदराने काच पुसल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. मग सुमन वहिनींचा आवाज, अगदी जवळून.

"केवढे लहान होते गं हे."

संपत एकतीस वर्षांचा होता. माझा निलेश आज त्याच्यापेक्षा सात वर्षांनी मोठा आहे.